समुद्र ऐकू आला, बस्स

"सातवं गाणं संपलं की सगळ्यांनी गप्प बसायचं," हरिश्चंद्र म्हणाला.

भाईंदरच्या त्या वन-रूम-किचनमध्ये रविवारी सकाळी नऊ माणसं दाटीवाटीने बसली होती. पप्पा अल्बममध्ये आहेत, असं आरोहीने अख्ख्या विंगला सांगून ठेवलं होतं. शेजारच्या हंसाबेन ढोकळा घेऊन आल्या होत्या. अल्बममध्ये आहे म्हणजे माणूस गातच असणार, ही त्यांची समजूत कोणी दुरुस्त केली नव्हती.

"भाईसाब, आपका नंबर कब आएगा?"

"नहीं आया तोच अच्छा, बेन."

हरिश्चंद्र बावीस वर्षं भाड्याचे जनरेटर चालवत होता. या धंद्यात माणसाची आठवण दोनदाच निघते: लाइट गेल्यावर, आणि ती यायला उशीर झाल्यावर. डिसेंबरात डोंगरीच्या समुद्राकाठच्या मैदानात एका बड्या पॉपस्टारची कॉन्सर्ट झाली, तेव्हा रेकॉर्डिंगवाल्या पोराने त्याला बजावलं होतं, "काका, तुमचं मशीन ऐकू आलं तर अल्बमची वाट लागेल." त्याने मशीन लांब नेलं, भोवती वाळूच्या गोण्या रचल्या.

सहा गाणी सुखरूप पार पडली. सातव्यानंतर गाणाऱ्या बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वीस हजार लोकांना सांगितलं, आता शांत राहा, आपण समुद्र ऐकू या. आजवर कोणाचंही न ऐकलेलं पब्लिक चक्क गप्प झालं. तेव्हा हरिश्चंद्रला कळलं, की जनरेटरचा पत्र्याचा दरवाजा खडखडतोय. त्याने फटीत चप्पल कोंबली. खडखड थांबेना. मग तो स्वतःच तापलेल्या पत्र्याला पाठ लावून उभा राहिला.

त्याच्या बायकोने, नीलमने पुढे आठवडाभर त्या पाठीला मलम लावलं. "समुद्र तिला ऐकायचा होता ना? मग पाठ तुमची कशाला?" असं रोज विचारून लावलं.

पण ती खडखड माइकपर्यंत गेली होती की नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही. चार महिने तो त्या धास्तीत होता. आज अल्बम आला होता.

सातवं गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या, बाईंचा आवाज. मग अकरा सेकंद लांबवरच्या लाटा. आणि धाडकन आठवं गाणं सुरू झालं.

"कुछ आया ही नहीं," हंसाबेन म्हणाल्या.

आरोहीचा चेहरा पडला. "पप्पा, तुम्ही कुठेच नव्हता."

हरिश्चंद्रने इतका वेळ हातात धरलेला ढोकळा तोंडात टाकला. बावीस वर्षांत त्याला एवढं हसताना घरात कोणी पाहिलं नव्हतं.

"समुद्र ऐकलास ना?"

"हो."

"झालं तर मग."

हंसाबेनना शंका आली. "तो वो समुंदर की आवाज आप निकाले?"

"नहीं बेन, समुंदर समुंदर का. जो सुनाई नहीं दिया ना, वो मेरा."

हंसाबेननी यावर जरा विचार केला आणि पटल्यासारखी मान हलवली. "फिर से लगाओ. मेरा ध्यान नहीं था."

आरोहीने गाणं मागे घेतलं. टाळ्या विरायला लागल्या, तशी नीलम उठली आणि तिने पंखा बंद केला. एप्रिलच्या त्या उकाड्यात, कपाळावरचा घामही न पुसता, नऊ माणसं ऐकत बसली.