राणीच्या तिकिटाचं पाकीट

स्वातंत्र्यलढ्यावरची टपाल तिकिटं मी जमवते. राजारामपुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या तानूआजींकडे १९५७ चं झाशीच्या राणीचं तिकीट निघालं, तेही पाकिटासकट. त्यांच्या थोरल्या भावाचं ते शेवटचं पत्र. आतला कागद कधीच हरवला होता. भावाच्या हातचं म्हणून पाकिटावरचं आजींचं नाव तेवढं उरलं होतं.

"तिकीट घे की, पण पाकीट कापू नगंस," आजींनी बजावलं.

एरवी मी पाकिटाचा तिकीट असलेला कोपरा कापून, गोंद सुटावा म्हणून कोमट पाण्यात टाकते. कापायचं नाही म्हणून अख्खं पाकीट बुडवलं. दहा मिनिटांत पाणी निळं झालं. टाकाची शाई पाण्यात विरघळते, हे रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या मला आठवलं नाही.

वाळवलेलं कोरं पाकीट मी आजींच्या हातात ठेवलं. त्या बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"मी पुन्हा नाव लिहून देऊ?"

"तू चांगलंच लिवशील, पोरी. पण त्ये दादाचं न्हाय." मग त्यांनी विचारलं, "तिकीट तरी नीट निघालं न्हवं?"

"व्हय, आजी."

त्याच्या कडेचा एक दातसुद्धा तुटला नव्हता.