फीलचा रकाना

ताईंनी तिसऱ्या ब्लेडवरचं रबर सोलून काढलं, चौथ्यावर चिकटवलं आणि अंगठ्याने कडेपर्यंत दाबत नेलं. अंगठा शाबूत होता. बाकीची बोटं रबरावरून फिरताना नुसती दिसली. हाताला काहीच लागलं नाही.

“झालं का, ताई?” टेबलाच्या पलीकडून मिस्त्रींनी विचारलं. “का अजून पूजा चाललीय?”

“तुम्ही चेंडू टाका. तोंड नंतर चालवा.”

मिस्त्री हसले आणि त्यांनी चेंडू टाकला.

कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकाने. माणसं मोजून अकरा, त्यात मालकही आले. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, दाबून, कापून टेबल टेनिसच्या बॅटीचं लाकूड, म्हणजे ब्लेड, तिथे तयार होई. मिस्त्री ते बनवत आणि ताई ते खेळून पारखत. पद्धत ठरलेली होती. प्रत्येक ब्लेडवर रबरांची तीच जोडी चढवायची, म्हणजे फरक उरला तर तो लाकडाचाच. थर दिसू नयेत म्हणून कडेला कागदी पट्टी. वजन मिस्त्रींच्या वहीत, ते ताईंना सांगायचं नाही. मग शंभर फटके, आणि कागदावर तीन रकाने: कंट्रोल, स्पीड, फील. पहिले दोन डोळ्यांनीही भरता येतात. चेंडू कुठे पडला, किती वेगाने गेला, हे दिसतं. फील मात्र हातालाच कळतं. त्या रकान्यात ताईंनी लिहिलेला आकडा बावीस वर्षांत कुणी खोडला नव्हता.

गेले तीन महिने तो रकाना ताई कानाने भरत होत्या.

कडक लाकूड चढं वाजतं, मऊ लाकूड दबकं. एवढ्यावर त्यांनी तीन महिने निभावून नेलं होतं. घरी कुणाला बोलल्या नव्हत्या. आईचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं. आधी सुई सुटायला लागली, मग सदऱ्याची बटणं लागेनात, मग पाण्याचा पेला. डॉक्टरकडे जायचं नुसतं मनात आलं तरी ताई तो विचार झटकून टाकत. मग त्या कामाला लागत आणि काम म्हणजे पुन्हा हाच हात.

आजचं काम साधं नव्हतं. एका खेळाडू मुलीची सहा वर्षं वापरलेली बॅट प्रवासात मधोमध तडकली होती. तेही ब्लेड याच कारखान्यातलं, ताईंनीच पास केलेलं. तिची मोठी स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. थरांच्या जाडीत थोडाथोडा फेर करून चार ब्लेडं बनवा, त्यातलं जुन्याच्या जवळचं ताई शोधतील, असं मालकांनी सांगितलं होतं. मुलगी सकाळपासून वर मालकांच्या खोलीत येऊन बसली होती आणि तिने म्हणे चहाही घेतला नव्हता.

चौथ्या ब्लेडचे शंभर फटके झाले. ताईंनी ते टेबलावर ठेवलं.

चारही ब्लेडं एकसारखी वाजली होती.

पहिल्याचा आवाज तोच दुसऱ्याचा, दुसऱ्याचा तोच पुढच्या दोघांचा. त्यांनी एकेक उचलून कानाशी धरलं, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. तेच. म्हणजे आता कानही गेला. हात गेला तेव्हा कान होता. आता काय उरलं? जिन्यावर मालकांची पावलं वाजली आणि ताईंनी पेन उचललं, हातातून सुटू नये म्हणून मुठीत धरतात तसं.

पहिल्याला फीलमध्ये सहा. दुसऱ्याला पाच, शेरा ‘कडक, हाताला झटका देतं’. चौथ्याला सात, ‘जरा मंद’. तिसऱ्याला नऊ. का तिसऱ्याला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मालक मुलीला घेऊन खाली आले आणि त्यांनी कागद तिच्यासमोरच मोठ्याने वाचला. “दुसरं कडक, हाताला झटका देतं. चौथं जरा मंद. ताईंचं मत तिसऱ्यावर. तू आता चारही खेळून बघ.”

मुलीने मान डोलावली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मालक स्वतःच पलीकडे उभे राहिले. त्यांचा खेळ बेताचा, पण चेंडू परत टाकण्यापुरता पुरे होता.

ताई भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. मिस्त्री शेजारी येऊन टेकले.

“ताई, हे काय लिहून बसलात?” ते अगदी हळू म्हणाले.

“का?”

“चारही एकच आहेत.”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“एकाच ओंडक्याचे थर. जाडी तीच, वजनात अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही. जुन्या ब्लेडची नोंद होती माझ्याकडे, तसंच चारदा केलं. कुठलंही निवडलं असतंत तरी बरोबर आलं असतं. तुमच्यासाठी केलं हो. मागल्या महिन्यात तुमच्या बोटात लाकडाची फास घुसली होती. मुठीवर रक्त आलेलं, आणि तुम्ही आपल्या खेळताय. तेव्हाच कळलं मला.” ते थांबले. “मला वाटलं, तुम्ही सगळ्यांना सारखेच गुण द्याल, नाहीतर उगाच एकाकडे बोट दाखवाल. हे कडक नि मंद कुठून काढलंत?”

ताईंची पाचावर धारण बसली. कान शाबूत होता तर. त्याने खरं तेच सांगितलं होतं आणि त्यांनी त्यालाच खोटं ठरवलं होतं. आता ती मुलगी चौथं ब्लेड खाली ठेवेल आणि म्हणेल, यात काहीच फरक नाही. मालक कागदाकडे बघतील. मग त्यांच्याकडे. बावीस वर्षं अशी दोन मिनिटांत संपतील. उठून निघून जावं असं त्यांना वाटलं, पण त्या बाकावरच बसून राहिल्या.

मुलगी दुसऱ्या ब्लेडने खेळत होती. मग रबरं बदलून तिसऱ्याने. तिसऱ्यावर ती बराच वेळ थांबली. चौथ्यावर दहाबारा फटके मारून तिने ते ठेवलं आणि वळली. तिच्या गालांवर रंग परत आला होता.

“तिसरंच,” ती म्हणाली. “अगदी जुन्यासारखं. दुसरं खरंच हाताला झटका देतं हो. आणि चौथं मंदच आहे. मला एकटीला हे इतकं नेमकं सांगताच आलं नसतं.”

“मग! ताईंचा हात आहे तो,” मालक म्हणाले.

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. सुटलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

ताईंना सुटल्यासारखं वाटलं नाही. त्यांना आधीपेक्षा जास्त भीती वाटली. आता त्यांना पकडणारं कुणी उरलंच नव्हतं. त्या काहीही लिहितील आणि खेळणाऱ्यांच्या हातांना तेच लागेल. उद्याही, पुढच्या वर्षीही, ही बोटं पार लाकूड होऊन गेली तरीही.

मुलगी धावत आली. तिने ताईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. तिची बोटं त्यांच्या बोटांभोवती मिटलेली ताईंनी पाहिली. हळू दाबलं की जोरात, ते त्यांना कळलं नाही.

“तुम्ही होतात म्हणून, ताई. नाहीतर मी चुकीचंच घेऊन गेले असते.”

“मिस्त्री,” ताई म्हणाल्या. “ही चार कशी बनवलीत, ते हिला सांगा.”

मिस्त्री जागचे हलले नाहीत. मालक हसत हसत जवळ आले.

“का? काय विशेष केलंय त्यांनी?”

“सांगा,” ताई म्हणाल्या. “नाहीतर मी सांगते.”