सारवलेल्या अंगणातला डाग

मी एक जुना ऑइल सील आहे, मित्रांनो. बांगडीएवढी पोलादी कडी, आत रबराची मऊ कड आणि तिला आवळणारी बारीक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. पोशेरा गावातल्या रोहिदासच्या जुन्या जीपमध्ये मी मागच्या चाकाशी बसलो होतो. आतलं तेल आतच ठेवायचं, ब्रेकवर जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. नऊ वर्षं मी ते चोख केलं. कौतुक कुणी केलं नाही, याचा मला थोडा रागही होता.

दिवाळीनंतर रोहिदास कामासाठी ठाण्याला गेला. चार महिने जीप अंगणात उभी राहिली. चाक फिरलं की माझ्या कडेला तेल मिळतं. ते थांबलं आणि मी सुकून कडक झालो. रोहिदास परतला, जीप फिरू लागली आणि मी गळू लागलो. जुनी गाडी गळायचीच, म्हणत तो डागावर राख टाकायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याची आई हिराबाई दर आठवड्याला अंगण सारवते. एके दिवशी ताज्या सारवणावर संध्याकाळी पुन्हा तोच काळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी रोहिदासची मुलगी हर्षदा आणि गावातल्या सहा मुली याच जीपने घाट उतरून दहावीच्या पेपराला जाणार होत्या.

हिराबाई चाकाजवळ बसली ती उठेचना. "अंगण खोटा बोलत नाय," ती म्हणाली. "आधी चाक बघ, मग पोरींना बसव."

कुरकुरत रोहिदासने मोखाड्याहून देवानंद मेस्त्रीला बोलावलं. त्याने चाक खोललं. ब्रेकचे पट्टे तेलाने माखले होते.

"या ब्रेकवर घाट उतरणार होतास?" देवानंदने विचारलं. रोहिदासने पट्ट्यावरचं तेल बोटाने पुसून पाहिलं.

देवानंदने मला काढलं, नव्या सीलच्या कडेला तेल लावून त्याला बसवलं, पट्टे बदलले. मागच्या आसावरचं, चिखलाने बुजलेलं हवेचं भोकही मोकळं केलं, नाहीतर आतली हवा कोंडून नवाही गळला असता. उभी गाडीसुद्धा आठवड्यातून एकदा फिरवत जा, असं त्याने बजावलं.

मुली वेळेवर पोचल्या. मी आता हर्षदाच्या दप्तरात असतो. माझ्याभोवती पेन्सिल फिरवून ती वर्तुळं काढते. मित्रांनो, गाडीखाली डाग दिसला तर राख टाकू नका, वाकून बघा.

काल अंगण पुन्हा सारवलं. आज सकाळी रोहिदास स्वतः चाकाखाली वाकला. सारवण कोरडं होतं. तो आईकडे बघून हसला, आणि ते कौतुक मी माझंच समजलो.