डाव्या कडेची स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंगची गादी आहे आणि स्वभावानं भित्री आहे. कापसाच्या गाद्या निवांत असतात. त्या दबतात, त्यांच्या गुठळ्या होतात, उन्हात टाकल्या की पुन्हा फुगतात. आमचं तसं नाही. आमच्या पोटात तारा असतात, आणि तार म्हटली की ताण आलाच.

एका लांबलचक शेडमध्ये मला बनवलं. तिथे जाड तार एका यंत्रात शिरायची आणि पलीकडून वेटोळी होऊन बाहेर पडायची. त्या स्प्रिंगा मग भट्टीत शेकायच्या, म्हणजे कितीही दबल्या तरी परत वर येण्याचं विसरत नाहीत. बारीक तारेनं त्या एकमेकींना जोडल्या, चारही कडांना जाड तारेची चौकट बसवली, वर दाबलेल्या तंतूंचा जाडसर नमदा, त्यावर फोम आणि सगळ्यात वर टाके घातलेलं पांढरं कापड. शेवटी एक जड लाकडी रूळ माझ्या अंगावरून पुन्हा पुन्हा फिरवला, आत काही मोडतं का ते बघायला. माझी खोड तेव्हापासूनची. अंगावर कुणीही आलं की मी आधी आतला कानोसा घेते. सगळ्या जागेवर आहेत ना?

दुकानात माझ्या शेजारी एक गुबगुबीत गादी होती. गिऱ्हाईक यायचं, तिच्यावर बसायचं, दोनदा उसळायचं आणि खूश व्हायचं. माझ्यावर मूठ दाबायची, "ही जरा कडकच आहे" म्हणायचं आणि पुढे जायचं. गादी निवडायची ही कसली रीत? मुठीला का झोपायचं असतं? पण सांगणार कोण! आपण अशाच प्लास्टिकच्या पिशवीत म्हाताऱ्या होणार, या धास्तीनं माझे दिवस जात होते.

मग एका दुपारी बापलेक आले. वडील निवृत्त बसचालक. आळीतले सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. मुलगी केस कापण्याच्या दुकानात कामाला होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. आयुष्यभर बसच्या सीटवर आदळून काकांची कंबर कामातून गेली होती, आणि तरी ते चटई टाकून फरशीवर झोपायचे.

"मला गादी नको," काका दारातच म्हणाले. "जमिनीवर झोपून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही."

"सकाळी भिंत धरून उठता ते मी रोज पाहते," ताई म्हणाली. "चपला काढा आणि आडवे व्हा."

"इथे? लोकांसमोर?"

"लोकांसमोरच तर बस चालवलीत इतकी वर्षं."

"तेव्हा मी झोपत नव्हतो."

दुकानदार गालात हसला. काका कुरकुरत गुबगुबीत गादीवर आडवे झाले आणि त्यांचा चेहरा एकदम सैलावला. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. पण ताईनं वाकून त्यांच्या कमरेखाली तळहात सरकवायला घेतला, तर तो शिरेचना.

"कंबर खड्ड्यात गेलीय," ती म्हणाली. "तासाभरानं दुखायला लागेल."

दुसऱ्या एका टणक गादीवर तिचा हात कोपरापर्यंत आरपार गेला. "खाली बोगदा आहे. पाठ टेकतच नाही."

मग माझी पाळी आली. काकांचं वजन अंगावर आलं तशी मी खांद्यापाशी आणि कुल्ल्यापाशी थोडी दबले, कमरेपाशी वरच राहिले. ताईचा हात पाठीला घासत आत गेला आणि घासतच बाहेर आला. तिनं मान डोलावली. पण एवढ्यावर थांबेल ती ताई कसली! तिनं काकांना त्यांच्या सवयीच्या डाव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे उभी राहून मान ते माकडहाड एका रेषेत आहे का ते पाहिलं, आणि मग स्वतः कडेवर बसून मोजे घालायचं सोंग केलं.

"कड बसत नाही ना काही दिवसांनी? माणूस गादीवर झोपतो कमी आणि कडेवर बसतो जास्त."

"कडेला चौकट आहे, तारही जाड आहे," दुकानदार म्हणाला. "पण तुम्ही इतकं बघताय म्हणून सांगतो. पलंगाच्या फळ्या जवळजवळ असू द्या. मधून मधून डोक्याची बाजू पायाकडे करत जा. आणि हिच्यावर झोपा, बसा, लोळा, पण उभं राहू नका. सगळा भार एका स्प्रिंगेवर आला की ती वाकते."

"बाबा, कसं वाटतंय?"

काका झोपले होते. दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुणेनंच पलीकडच्या बाजूनं नेलं. ताई स्टुलावर बसून राहिली. आणि मी, मित्रांनो, आयुष्यातल्या पहिल्या माणसाला अंगावर घेऊन इतकी ताठ राहिले होते की एकही तार हलू दिली नाही.

त्या घरात मी सुखात होते. काका भिंत न धरता उठायला लागले. शेजारी आले की ते माझ्यावर थाप मारायचे आणि गाडीचं कौतुक करावं तसं म्हणायचे, "सस्पेन्शन एक नंबर आहे." ताई ठरल्याप्रमाणे मला फिरवायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला भाऊ, आणि मधे उभे राहून काका "डावीकडे घ्या, अजून घ्या, भिंत आहे" असं करायचे. त्यांनी बस कधी सोडलीच नाही म्हणा ना.

मग ताईचं लग्न झालं आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मला फिरवणं थांबलं. काका रोज त्याच डाव्या कडेवर बसायचे, त्याच कुशीवर झोपायचे. तिथला फोम चेपत गेला. तरी स्प्रिंगा धरून होत्या.

भाऊ विजेची कामं करायचा. दुसऱ्यांच्या घरचे पंखे दुरुस्त करता करता स्वतःच्या घरचा पंखा मात्र राहून जायचा. शेवटी काका उकाड्यानं वैतागले, तेव्हा एका सकाळी त्यानं घाईघाईत माझ्यावरच स्टूल ठेवलं आणि वर चढला.

"अरे, गादीवर काय चढतोस?" काका म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे, बाबा."

स्टुलाचा एक पाय नेमका डाव्या कडेजवळ, काकांच्या कुल्ल्याच्या जागी रुतला. भाऊ पंख्याकडे वळला आणि सगळा भार त्या पायावर आला. आत टणकन आवाज झाला. पंखा सुरू झाला, त्या आवाजात तो विरून गेला. माझी एक स्प्रिंग वाकली होती आणि तिचं वरचं वेटोळं जोडाच्या तारेतून निसटलं होतं.

मी घाबरले, पण शेजारच्या स्प्रिंगांनी तिला सांभाळून घेतलं. काका बसले की जरासा करकर आवाज यायचा, एवढंच. त्यांना काही टोचलं असतं तर ते उठून बसले असते आणि घर डोक्यावर घेतलं असतं. मला त्याचाच आधार वाटत होता.

तो आधारही गेला. काकांना अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा त्यांची डावी बाजू लुळी होती, जीभ जड झाली होती, आणि डाव्या अंगाला चिमटा काढला तरी त्यांना कळत नव्हतं. ताई सासरी सांगून वडिलांकडे राहायला आली. दोघा भावंडांनी काकांना हळूच माझ्यावर ठेवलं. अगदी त्यांच्या नेहमीच्या जागी.

आता ते दिवसभर माझ्यावरच असायचे. निसटलेल्या तारेचं टोक नमद्यातून वर सरकत होतं. ते मला आतून जाणवायचं. काकांना एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळवलं की टोक थोडं वर यायचं. नमदा पार झाला. मग फोम. मी बाकीच्या स्प्रिंगा जमेल तितक्या वर उचलून धरायचा प्रयत्न करायचे, म्हणजे त्यांचं अंग त्या टोकापासून दूर राहील. पण गादीच्या प्रयत्नाला मर्यादा असते. मला फक्त करकरता येत होतं. म्हणून मी करकरत राहिले.

"खा...लून," काका एकदा अडखळत म्हणाले. "खालून... कोणी... बोलतंय."

भाऊनं ताईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले. दोघांना वाटलं, बाबांना भास व्हायला लागले. तरी भाऊनं पाना आणला, पलंगाचे सगळे बोल्ट आवळले, सांध्यांत तेल सोडलं. करकर कमी झाली नाही.

"जुना पलंग आहे," तो म्हणाला आणि पाना ठेवून दिला.

ताईनं बाबांना मऊ लागावं म्हणून माझ्यावर घडी घातलेली गोधडी पसरली. किती मायेनं पसरली! पण त्या गोधडीनं माझं व्यंग आणखी झाकलं गेलं. चादर बदलताना तिचा हात माझ्यावरून फिरायचा, तोही थांबला.

काही दिवसांनी काकांच्या डाव्या कुल्ल्यावर लाल डाग दिसला. रोज तपासायला सिस्टर यायच्या. त्यांनी बघितलं आणि गंभीर झाल्या. "झोपून झोपून होतं असं. कूस बदलत राहा. त्वचा फाटली आणि जंतू आत गेले, तर या वयात जीवावर बेतू शकतं."

ताईनं कूस बदलण्यात कधी हयगय केली नाही. औषध लावलं, पावडर लावली, घड्याळाकडे बघून बघून तिची मान अवघडली. तरी डागाची जखम झाली. सिस्टरनी पट्टी केली आणि जाताना म्हणाल्या, "नीट वळवता ना?" त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, पण ताईचा चेहरा उतरला. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून किती वेळ उभी होती. माझं टोक तोवर कापडापर्यंत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं खोलीत आली होती. काकांचे केस वाढले होते. ताईनं आणि भाऊनं त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, आणि ताईनं कात्री काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हाताला ओळखीचं काम मिळालं होतं. काका डोळे मिटून बसले. कापून झालं, भाऊ त्यांना आरसा दाखवत होता, आणि ताईला कंबर सरळ करावीशी वाटली. म्हणाली, "पाच मिनिटं पडते." उन्हात टाकायला गोधडी काढलेलीच होती. ती बाबांच्या जागी, बाबांच्यासारखीच डाव्या कुशीवर आडवी झाली.

मी करकरले. आणि ताई उठून बसली.

तिनं चादर ओढून काढली आणि तळहात सावकाश फिरवला. एका जागी तो थांबला. मग तिनं बाबांचे केस कापलेली तीच कात्री घेतली आणि माझं कापड उभं फाडलं. तारेचं टोक वर आलं. त्याच्याभोवतीचा फोम गंजानं तांबडा झाला होता.

"भाऊ, इकडे ये."

भाऊ आला. त्यानं टोकाला बोट लावलं. मग त्यानं वर पंख्याकडे पाहिलं.

"स्टूल," तो एवढंच म्हणाला.

"मी... सांगत... होतो," खुर्चीतून काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट आपलं डोकं ठिकाणावर आहे, याचा थोडा आनंदच असावा.

"हो बाबा," ताई म्हणाली. "तुम्ही बरोबर सांगत होता. आम्ही पलंगाकडे बघत बसलो."

त्याच दुपारी काकांसाठी हवेची गादी आली आणि मला जिन्यात नेऊन ठेवलं. टाकून दिल्याचं दुःख करायला मला सवड नव्हती. मी दाराआडून येणारा प्रत्येक शब्द ऐकत होते. सिस्टर रोज यायच्या, रोज थोडं बोलून जायच्या, आणि त्यांच्या आवाजावरून मला काही कळायचं नाही. ताप आला म्हणून धावपळ झाली, तेव्हा तर माझ्या उरल्यासुरल्या स्प्रिंगाही गार पडल्या. पण ताप उतरला. आणि आज सकाळी जिना उतरताना सिस्टर ताईला म्हणाल्या, "जखमेच्या कडेनं नवीन कातडी धरलीय. आता काळजी नको." ताई कठडा धरून पायरीवर बसली आणि रडली. सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून तिथेच थांबल्या.

भंगारवाल्याची गाडी खाली उभी आहे. माझी तार वेगळी होईल, वितळेल, दुसरं काही बनेल. माझं आता काही मागणं नाही. तुम्हाला मात्र एक सांगते, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, टोचतंय हे ज्यांना कळत नाही किंवा सांगता येत नाही, तर त्यांना जरा वेळ खुर्चीत बसवा, आणि त्यांच्या जागी, त्यांच्या कुशीवर, तुम्ही स्वतः झोपून बघा.