पिंपातलं तीर्थ

पिंपाची प्रदक्षिणा सुरू झाली की निम्मं गाव देवळापाशी जमे. निपाणीपासून तीन कोसांवरचं आमचं गाव. एरवी तंबाखूच्या कामातून मान वर करायला सवड नाही म्हणणारी माणसं छत्तीस सालच्या उन्हाळ्यात एक लाकडी पिंप देवळाभोवती लोळवत होती. पिंप त्या उन्हाळ्यात देवळात येऊन उतरलेल्या हेमगिरी महाराजांचं. ते सगळ्यांदेखत त्यात दोन घागरी विहिरीचं पाणी ओतत आणि बूच ठोकत. पंधरा दिवस उन्हात ठेवून रोज सकाळी लोळवलं की आतून मधाच्या रंगाचं, गोडसर वासाचं तीर्थ निघे. पळीभर घेतलं की छातीत ऊब येई.

"पाणी तुमचं, भाव तुमचा, रंग तेवढा त्याचा," महाराज डोळे मिटून म्हणत. "मी कोण? मी नुसता बूच काढणारा."

त्यांच्या बोलण्यातलं हे शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

मी नागोजी. बेळगावच्या कॅम्पात एका दारूच्या व्यापाऱ्याकडे बावीस वर्षं बाटल्या भरायचं काम केलं. आमचे शेठ स्कॉटलंडहून व्हिस्कीची पिंपं एकेक निवडून मागवत. आम्ही ती चाखून, गाळून, शेठच्या नावाची चिठ्ठी लावून बाटल्यांत भरत असू. भट्टीतून निघते तेव्हा व्हिस्की पाण्यासारखी असते. रंग, वास, गोडी देतं ते ओकचं लाकूड, आणि तेही दहा-बारा वर्षं घेऊन. एवढ्या वर्षांत लाकूडही पोटभर दारू पितं. म्हणून आमचे हमाल रिकाम्या पिंपात दोन घागरी पाणी टाकत, ते उन्हात लोळवत, आणि पंधरा दिवसांनी त्यांची चैन होई.

महाराजांचं तीर्थ मी पहिल्याच दिवशी नाकाशी नेलं आणि ओळखलं. हसू दाबत घरी आलो. फुकटचा तमाशा, आपलं काय जातंय, असं वाटलं. गावात दारू चाखलेल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. शामू तर रांगेत तीन-तीनदा उभा राहून गहिवरल्यासारखं करी. कळलं नव्हतं ते जैनांच्या घरांना, कारण त्या घरांत दारूचा वास कुणी कधी घेतलाच नव्हता. माझ्या शेजारच्या कलगोंडाची बायको कांता जिनमूर्तीच्या अभिषेकाचं गंधोदक घ्यावं तसं ते तीर्थ आधी कपाळाला लावी, मग तोंडात घेई.

तिसऱ्या खेपेला तीर्थ फिकं निघालं. लोक कुजबुजले. महाराजांनी एकदम डोळे उघडले.

"देव रुसलाय. कुणाच्या तरी घरात विलायती औषध शिरलंय."

सगळे कांताकडे वळले. तिची तीन वर्षांची चंदना तापानं फणफणली होती, आणि आदल्याच दिवशी तिनं निपाणीच्या डॉक्टरचं औषध आणलं होतं. डॉक्टरनं दोन दिवसांनी परत बोलावलं होतं. कांता घरी गेली, बाटली घेऊन आली आणि सगळ्यांसमोर मातीत ओतली. मी तिथंच होतो. तेव्हाही बोललो नाही. भरल्या देवळात वाईटपणा कोण घेणार?

त्यानंतर आठव्या दिवशी कांताच्या घरी गेलो. पोरगी निपचित पडली होती. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि त्या श्वासाला आमच्या बेळगावच्या दारूच्या वखारीचा वास होता.

"रडत न्हाय आता," कांता म्हणाली. "म्हाराजांचं तीर्थ दिलं की झोपतीया बघा."

"गुंगीत हाय ती. आत्ता निपाणीला चल."

"एक्कावीस दिस तीर्थ द्याया सांगितलंय म्हाराजांनी, अण्णा. मदीच मोडलं आन् तीर्थ आणिक फिकं पडलं, तर गाव मलाच बोल लावंल."

तिला नेण्याआधी गावासमोर पिंप फोडावं लागणार होतं. मी घरून हातोडी आणली. महाराज प्रवचन देत होते. मी सरळ पिंपाची वरची लोखंडी पट्टी ठोकून उतरवली, झाकण उचकटलं आणि पिंप आडवं केलं. आतल्या फळ्या दारूच्या पिंपांच्या असतात तशा जाळून काळ्या केलेल्या. एका फळीची ढलपी काढून कलगोंडाच्या हातात दिली.

"ह्ये विलायती दारूचं पिंप. ह्या लाकडात मुरल्याली दारू पाण्यात उतरतीया. सगळ्या फळ्यांस्नी पाणी लागावं म्हणून लोळवायचं. पैल्यांदा लई उतरती, मग कमी, मग आणिक कमी. पाप न्हाय वाढलं गावात. लाकूड रितं झालंय."

"नास्तिक बोलतोय," महाराज म्हणाले.

"मग शामूला इचारा. शामू, तुझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांग, काय हाय ह्यात?"

शामूनं खाली बघितलं. "दारूच हाय. पैल्यापास्नं ठावं हाय."

"मग बोलला का न्हाइस रं?" कलगोंडानं विचारलं.

"फुकट मिळत हुती."

मला शामूला बोलायला तोंड नव्हतं.

महाराज त्याच दुपारच्या मोटारीनं कोल्हापूरकडे गेले. इकडे वाड्या-वस्तीत तोंडं धुण्याची, प्रायश्चित्त विचारण्याची धावपळ उडाली. दारू पोटात गेली म्हणून मोठमोठी माणसं रडत होती, आणि गाडीला बैल जुंपायला एकजण मोकळा नव्हता. शेवटी मीच माझी गाडी जुंपली. कांता पोरीला मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरनं नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं. "दोन दिवसांनी या म्हटलं होतं. आज किती झाले?"

चंदना तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

सुतक संपल्यावर कांता माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा, ती दारू हाय हे तुमास्नी कवा कळलं?"

"पैल्या दिशी."

"म्हंजे पोरगी तवा खेळत हुती," ती म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

महाराज लुच्चा होता आणि कांता भोळी होती. मला मात्र सगळं कळत होतं. म्हणून मीच सांगतो. पाण्याला रंग आला तर हात जोडण्याआधी ते कशात ठेवलं होतं ते बघा. तापलेलं लेकरू डॉक्टरकडे न्या. आणि खरं ठाऊक असेल तर हसत घरी जाऊ नका, त्याच दिवशी, तिथंच बोला.