पांढऱ्याचा फेरा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही रंगाचा एक कण आहात. राईच्या दाण्याहून कितीतरी बारीक, पण जड. मनगटाएवढ्या जाड नळीतून तुम्ही वाहताय. टाकीतून निघायचं, बसगाड्या रंगवायच्या दालनाला वळसा घालायचा आणि परत टाकीत यायचं. पंप चालू आहे तोवर तुम्ही तरंगत राहाल. तो थांबला, की हळूहळू नळीच्या तळाशी बसाल. तुमच्यावर दुसरा कण बसेल, त्याच्यावर तिसरा. एका दिवसात चिखल होतो, चार दिवसांत खडूसारखी वडी. मग नळी कापण्यावाचून इलाज नाही.

दक्षिण ब्राझीलच्या डोंगरातल्या आमच्या गावी अशा बसगाड्या बनत. मी फवारणीवर होतो आणि ओलिंदो झानात्ता रंगघरात. अकरा रंग, अकरा टाक्या, अकरा फेरे. चांदी रंगाला घाई सोसत नाही, तिची चमक मोडते. पांढऱ्याला थांबणं सोसत नाही, कारण तोच सगळ्यांत जड. ओलिंदो रोज सकाळी प्रत्येक नळीच्या खालच्या वळणावर तळवा ठेवून उभा राही. आत रंग चालत असला की नळी बारीक थरथरते. आम्ही चिडवायचो, "काय वैद्यबुवा, आज कोणाला ताप?" तो मान न वळवता म्हणे, "तुमच्या फवाऱ्याच्या बंदुकांना. आधी त्या धुऊन ठेवा."

नोव्हेंबरात मालकांनी हात टेकले. कारखाना बंद झाला. पण परगावची एक मंडळी जानेवारीत पाहायला येणार होती. त्यांनी कळवलं होतं, रंगाच्या नळ्या चालत्या असतील तर आहे तसा कारखाना घेऊ, माणसांसकट. नसतील तर नुसती यंत्रं उचलून नेऊ. आम्ही दोनशे चाळीस माणसं होतो. म्हणून ओलिंदो एकटा मागे राहिला. पंप मंद ठेवायचे, पण थांबू द्यायचे नाहीत.

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे त्याची दहा वर्षांची लेक देल्सिया त्याच्यासोबत जाई. तीही वळणांवर हात ठेवायला शिकली. रंगाचं कसं असतं, ते मात्र ती घरीच शिकली होती, चुलीपाशी. आमच्याकडे मक्याच्या पिठाचा घाटा करतात, त्याला पोलेंता म्हणतात. तांब्याच्या भांड्यात तो तासभर ढवळावा लागतो, आणि ज्याने दांडा धरला त्यानेच तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. झानात्तांच्या घरी दांडा ओलिंदोचा. एकदा त्याने तो लेकीच्या हाती दिला. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि घाट्याने तळ धरला. घाबरून तिने जोरात खरवडलं, तर करपलेले तुकडे भांडंभर झाले. ओलिंदो रागावला नाही. "बसलेल्याला घाई करायची नाही, पोरी," तो म्हणाला. "वरून हळूहळू सैल करायचं. ते आपणहून सुटतं." त्या दिवशी सगळ्यांनी करपलेला घाटा खाल्ला.

मंडळी सोमवारी येणार होती. शनिवारी दुपारी वादळ आलं, गारा पडल्या, दरीतले विजेचे खांब आडवे झाले. जनरेटर मालकांनी डिसेंबरातच नेलेला. अकराही पंप एका क्षणात गप्प झाले. ओलिंदो, देल्सिया आणि पहारेकरी जांदीर लाकडी वल्ही घेऊन टाक्या ढवळत राहिले. पण टाकीत हात जातो, नळीत जात नाही.

रविवारी दुपारी वीज आली. बसलेल्या रंगाला कसं उठवायचं हे आम्हा सगळ्यांना ओलिंदोनेच शिकवलं होतं. पंप अगदी मंद सुरू करायचा, गाळण्या पुन्हा पुन्हा उघडून धुवायच्या, दोन दिवस जाऊ द्यायचे. त्याच्याकडे एक रात्र होती. दहा रंगांना त्याने नियमाने मंद लावलं. बसगाड्या मात्र बहुतेक पांढऱ्याच बनत, आणि पाहुणे आधी पांढराच बघणार होते. त्याने पांढऱ्याच्या पंपाची कळ शेवटपर्यंत फिरवली.

देल्सियाने त्याची बाही धरली. "बाबा, हळू ना? घाट्यासारखं?"

"आज वेळ नाही," तो म्हणाला.

पाव तास नळी धडधडली. तळाचा चिखल ढेकळांनी सुटला, पुढे वाहिला आणि सगळ्यांत खालच्या वळणावर जाऊन गच्च बसला. पंप कण्हू लागला, तेव्हा ओलिंदोने तो बंद केला. वळणावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. देल्सियाने शेजारी आपला ठेवला. नळी गार होती.

सोमवारी तिघे पाहुणे आले. सभ्य माणसं होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला कामाची जाण होती. त्यानेही वळणावर हात ठेवला, मग ओलिंदोकडे पाहिलं आणि विचारलं, "घाई केलीत का?" ओलिंदो हो म्हणाला. वादळाचं नाव त्याने घेतलं नाही. ते यंत्रांची यादी करून गेले. जाताना मालकांच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, आता बाकीचेही बंद करा.

त्याने एकेक पंप बंद केला. चांदी सगळ्यांत शेवटी.

हे मला जांदीरने सांगितलं. त्यापुढचं मी स्वतः पाहिलं, कारण बातमी कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. ओलिंदो चुलीजवळच्या बाकावर बसला होता, हात मांडीवर उताणे. त्याच्या बायकोने, इवेतेवहिनींनी, नेहमीसारखं भांडं चढवलं, उकळत्या पाण्यात पीठ सोडलं आणि दांडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. भांड्यात जाड बुडबुडे फुटू लागले, तळातून करपल्याचा वास आला.

तेव्हा देल्सिया उठली. तिने आधी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. आईच्या हातातून दांडा घेतला. मग बापाकडे पाठ करून, तळाला न लावता, वरूनच, अगदी हळू ढवळायला लागली.