नावानिशी

रुलीन वोल्टिंगच्या संडासात भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. गावात प्रत्येकाच्या घरी ते तिथंच असतं. पण लोकांच्या कॅलेंडरवर आत्या-मावश्या असतात, रुलीनच्या कॅलेंडरवर विद्यार्थी होते. बत्तीस वर्षांत साठत गेलेली नावं. काही तारखांना जागा संपून अक्षरं कडेकडेनं वर चढली होती. लग्न नाही, मूलबाळ नाही, त्यामुळे तिची सगळी माया त्या कॅलेंडरवर उतरली होती. रोज सकाळी चार दिवस पुढचं नाव बघायचं आणि कार्ड टपालात टाकायचं. आजवर एकही चुकलं नव्हतं.

आयसेल नदीकाठच्या ज्या ख्रिस्ती विद्यापीठात ती भावी शिक्षकांना शिकवायची, ते म्हणजे जेमतेम चारशे मुलांचा संसार. दारातच पाटी होती: ‘येथे प्रत्येकाला नावानिशी ओळखले जाते.’ वाक्य रुलीनचंच. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाचं ध्येयपत्र लिहिताना तिला ते सुचलं, आणि मग पाटीवर, पत्रांवर, शेवटी कॉफीच्या मगांवरही चढलं. मोठ्या विद्यापीठांत मुलं म्हणजे नुसते आकडे, इथे ती देवाची लेकरं, असं ती दरवर्षी नव्या मुलांना सांगायची. आणि ते तिला मनापासून वाटायचंही.

मग या मार्चमध्ये निंकाचं झालं.

निंका हूकेमा शेवटच्या वर्षाला होती. फ्रीसलंडमधल्या एका खेड्यातली, बाप तिथल्या चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. पोरगी सरावाच्या शाळेत शिकवायला उभी राहिली की बाकं वाजवणारी कार्टीसुद्धा तोंडाकडे बघत बसायची. शिकवण्याचा असा हात रुलीननं बत्तीस वर्षांत दोन-तीनदाच पाहिला होता. एका दुपारी तास संपल्यावर निंकानं दार लोटून घेतलं.

“बाई, सरावाच्या शाळेत सकाळची प्रार्थना मला घ्यावी लागते. शब्द येतात तोंडात, पण पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटतच नाही. वर्ष झालं आता. बाबांना कळलं तर खचतील ते. कोणाला सांगू नका, हं.”

रुलीननं खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. त्या गावात सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगाला पेपरमिंटच देतात. “नाही सांगणार, बाळ,” ती म्हणाली.

आणि तिनं कोणाला सांगितलंही नाही. तिनं फक्त देवाला सांगितलं. मंगळवारी साडेबाराला, चौदा जणांच्या देखत. दर मंगळवारी शिक्षक आणि कचेरीतली मंडळी जेवणाआधी छोट्या खोलीत जमायची. कुलगुरू हार्म स्लॉम्प विचारायचा, “कोणासाठी मागायचं?” मग एकेक जण नावं घ्यायचा. कोणाच्या सासूचा गुडघा, कोणाचा घटस्फोट, सगळं तिथे नावानिशी देवापुढे ठेवलं जाई. रुलीनच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, “प्रभू, निंका हूकेमाला जवळ घे. तिला प्रार्थना करता येईनाशी झाली आहे.” सगळे मनापासून ‘आमेन’ म्हणाले. त्यातली एकजण निंकाच्या बापाची चुलतबहीण होती, हे रुलीनच्या ध्यानातही आलं नाही.

आठवड्याभरात निंकाला सतरा कार्डं आली. फुलांची, कबुतरांची, समुद्राची. प्रत्येकावर तेच: आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहोत. अठरावं पत्र बापाचं होतं. सोमवारी खोलीची किल्ली कचेरीत ठेवून निंका निघून गेली. एक सहामाही राहिली होती फक्त. कार्डं तिनं खिडकीत ओळीनं मांडून ठेवली होती, एकही फाडलं नव्हतं. रुलीनला त्याचंच जास्त लागलं.

जूनमध्ये हार्मनं तिला बोलावलं. “पंचाहत्तर वर्षं होताहेत. ध्येयपत्र नवं करायचं, आणि ते तूच लिहायचं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सभागृहात वाचायचंही तूच.”

तिनं लिहून आणलं. हार्मनं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “तुझं वाक्य कुठाय?”

“काढलं.”

“आणि हे काय? ‘विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेले येथे जपले जाते.’ हे तर कुठल्याही डॉक्टरच्या दारावर शोभेल. यात आपलं ख्रिस्तीपण कुठाय, रुलीन?”

“ख्रिस्तीपण मार्चमध्ये बघितलं की आपलं.”

“पोरीसाठी प्रार्थना केली आपण. त्यात काय पाप झालं?” हार्म वाईट माणूस नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं. “सगळं मनाला लावून घेतेस तू. शिवाय तेच वाक्य घालून कॉफीचे नवे मग छापायला गेलेत.”

जुनं वाक्य परत आलं. तिनं वाद घातला नाही. तिच्या मनात एकच होतं, निंकानं परत यावं. एकतीस ऑगस्टपर्यंत अर्ज भरता येत होता. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी ती आगगाडीनं ग्रोनिंगनला गेली. निंका तिथल्या बाजारात मासळीच्या गाड्यावर काम करते, एवढं कानावर आलं होतं.

“कांदा घालू?” निंकानं मान वर न करता विचारलं. मग वर बघितलं. “बाई! तुम्ही तर कच्चा हेरिंग मासा खात नाही.”

“आज खाईन.”

“उगाच नका खाऊ. आजारी पडलात तर परत सगळे प्रार्थना करत बसतील.” बोलता बोलता ती हसली, आणि रुलीनला क्षणभर वाटलं, जमलं आपलं.

“माझं चुकलं, निंका.”

“माहितीय. चांगल्या मनानं केलंत तुम्ही, तेच तर वाईट आहे. वाईट मनानं केलं असतंत तर कडकडून भांडले तरी असते.”

“घरी जातेस का?”

“बाबा जेवण झालं की बायबल वाचतात ना, ते आता माझ्याकडे बघून वाचतात. नाही जात.”

“एकच सहामाही राहिलीय. अर्ज भर, बाळ. मी बोलते सगळ्यांशी, कोणी काही विचारणार नाही तुला.”

“बोलूच नका ना, बाई!” सुरी फळीवर आपटली. रांगेतला म्हातारा दचकला. निंकानं आवाज खाली आणला. “वर्गात शिरले की सगळ्यांना माहीत असेल. पाटीवर तेच तर लिहिलंय तुमच्या.”

“मग मी काय करू तुझ्यासाठी? काहीतरी सांग.”

“काही नाही. खरंच काही नाही. माझं नाव घेऊ नका कुठे. कार्ड पाठवू नका, वाढदिवसालासुद्धा.” तिनं कागदात गुंडाळलेला मासा पुढे केला. “पुढचं कोण?”

परतीच्या आगगाडीत बसून रुलीननं तो मासा शेपटीपर्यंत खाल्ला.

एकतीस तारखेला तिनं कचेरीत तीनदा विचारलं. अर्ज आला नव्हता. पहिल्या सोमवारी ती प्राध्यापकांचा काळा झगा घालून सभागृहात उभी राहिली आणि ध्येयपत्र वाचू लागली. ज्ञान आणि श्रद्धा, सेवा आणि सचोटी, सगळं नीट वाचलं. ‘येथे प्रत्येकाला’ इथपर्यंत आली आणि आवाज फुटेना. लोकांना वाटलं, गहिवरली. हार्मनं हळूच पाण्याचा पेला पुढे केला. ती प्यायली आणि उरलेले शब्द वाचून टाकले. बाहेर येताना सगळे म्हणाले, किती मनापासून वाचलंस. तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. छोट्या खोलीत माना खाली गेल्या. हार्म म्हणाला, “आणि प्रभू, आपल्या निंकालाही...”

“नको,” रुलीन म्हणाली. “तिचं नाव नको घेऊ.”

चौदा डोकी वर आली. प्रार्थनेच्या मध्ये असं कोणी कधी बोललं नव्हतं. कोणीतरी खोकलं, हार्मनं घाईनं ‘आमेन’ म्हटलं. त्या दिवशी जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

तेरा सप्टेंबरला सकाळी कॅलेंडरवर चार दिवस पुढचं नाव समोर आलं: निंका. कार्ड तिनं जुलैतच आणलं होतं: पिवळ्या छत्रीखाली बसलेली मांजर, निंकाला आवडलं असतं. तिकीट लावलेलं होतं, पत्ता मासळीच्या गाड्याचा. ते घेऊन ती कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीपाशी गेली. शेजारीण कुत्रा घेऊन आली आणि म्हणाली, “टाकायचंय ना? टाका की, अडकतंय का?”

“नाही,” रुलीन म्हणाली, “चुकून आणलं.” आणि कार्ड कोटाच्या खिशात घालून घरी परतली.

सतरा तारखेला दुपारी ती स्वयंपाकघरात एकटी जेवायला बसली. पाव, चीज, ताक. खाण्याआधी हात जोडून डोळे मिटले. सवयीनं नाव ओठांपर्यंत आलं. ते तिनं तिथंच धरून ठेवलं, आणि हनुवटी थरथरायला लागली तरी सोडलं नाही. कोणासाठी रडते आहे, ते बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं देवालाही सांगितलं नाही.